पाठवणीची स्पोर्ट्स कार

३ एप्रिल १९९४, रविवार
राजनंदिनीचं लग्न ठरलं. २२ मे, इथंच बारामतीत. मुलगा पळसदेवचा, शंभूराज. शेतकी पदवीधर, घरची बागायत, बोलायला कमी. पाठवणी माझ्या लाल स्पोर्ट्स कारमधून होणार आणि गाडी मी चालवणार. नंदू सहा वर्षांची असताना तिला शब्द दिलाय. अडचण एकच आणि किरकोळ. चावी काढली तरी इंजिन थांबत नाही, मिनिटभर धाडधाड करत राहतं. इग्निशनचं टायमिंग चुकलंय. एका रविवारचं काम.

१० एप्रिल
टायमिंग ठरवतो तो डिस्ट्रिब्यूटर जरा डावीकडे फिरवला. आता दीड मिनिट चालतं. म्हणजे दिशा कळली. शास्त्रीय पद्धतीचा हाच फायदा.
संध्याकाळी : गल्लीच्या टोकाला नेऊन उजवीकडे फिरवला. सुरूच होईना. शेजाऱ्यांनी ढकलत घरी आणली. हसण्यासारखं त्यात काय होतं, कळलं नाही.

१७ एप्रिल
नंदूच्या आईने, अनसूयेने, मोडता घातला. म्हणे, मुलीचा बाप सासरी सोडायला जात नसतो, पाठराखीण जाते. मी सांगितलं, बाप म्हणून जातच नाहीये, ड्रायव्हर म्हणून जातोय. मग तिने विचारलं, शेल्याची गाठ बांधलेली असणार, जावई कुठं बसणार? खरं सांगायचं तर हे डोक्यात आलं नव्हतं. गाडीला सीटा दोन. पण मागे सामानासाठी फळीएवढी जागा आहे. जावई अंगाने बारीक आहेत.

२४ एप्रिल
नवे स्पार्क प्लग. पॉइंट घासून गॅप लावली. खात्री होती, म्हणून भर बाजारात नेली. हवालदार म्हणाले, बंद करा. मी चावी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चावीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि विचारलं, मंग ही कुणाच्या हुकमानं चालतीया? अशिक्षितपणाला उत्तर नसतं.

१ मे
अनसूयेच्या हट्टापायी बिरदेव मिस्त्रीकडे गेलो. त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. टाकीचं झाकण काढून वास घेतला आणि म्हणाला, सर, पेट्रोलात राकेल घालताय व्हय? ते आधी बंद करा. टायमिंगला आता हात लावू नगासा, मी लावून देतो.
चार लिटरला एक लिटर रॉकेल घालतो, हे खरं. पण ते अॅव्हरेजसाठी. शेतातली इंजिनं नाही का चालत रॉकेलवर? मी पंधरा वर्षं बारावीला फिजिक्स शिकवतोय आणि हा मला शिकवणार. संतापून परत आलो. येताना एक लिटर जास्तच घातलं.

१५ मे, संध्याकाळ
गाडी आता दोन मिनिटं चालते. उन्हाळा आहे, लोखंड तापतं, त्याला मी काय करणार?
नंदू म्हणाली, बाबा, जीप ठरवू या का? मी म्हटलं, गाडी तयार आहे. तिने वाद घातला नाही. शेजारी बसून तासभर डिस्ट्रिब्यूटरची कॅप धरून ठेवली, लहानपणी धरायची तशी. पुढच्या रविवारनंतर कॅप कोण धरणार, असं मनात आलं. रॉकेलच्या वासाने डोळ्यांत फार पाणी येतं.

२३ मे, सोमवार
काल पाठवणीत सगळे रडले. मी नाही. मला गाडी चालवायची होती.
पळसदेवपर्यंत झकास. जावई मागे गुडघे हनुवटीला लावून बसले होते, तक्रार नाही. दारात थांबलो, चावी काढली. इंजिन चालूच. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. नंदूने उखाणा घेतला, तो कुणालाच ऐकू गेला नाही. विहीणबाई, शकुबाई, कानावर हात ठेवून म्हणाल्या, व्याहीबुवा, आदी ते गपगार करा, मग सून आत येईल. गिअर टाकून क्लच सोडला. गाडीने एक उडी घेतली आणि रांगोळीवर बंद पडली. नंदूने पुन्हा उखाणा घेतला. कुठल्या बापाला मुलीचा तो उखाणा ऐकायला मिळतो? मला मिळाला.
नंतर गाडी सुरू झाली नाही. एस.टी.ने आलो. गाडी त्यांच्याच अंगणात आहे. दर रविवारी जाऊन तिथंच दुरुस्त करायची असं ठरवलंय, जावयांना तसं सांगूनही आलोय. किमान दोन महिने लागतील. घाईचं काम नव्हे.

२४ मे, सकाळी आठ
गाडी दारात. शंभूराज स्वतः चालवत घेऊन आले. काल दिवसभरात टाकी रिकामी केली, नुसतं पेट्रोल भरलं, तिकडच्याच मिस्त्रीकडून टायमिंग लावून घेतलं. म्हणाले, तुमाला कशाला एवढ्या लांब हेलपाटे? नंदू आली नाही, तिकडं सत्यनारायण आहे. चहा घेऊन ते एस.टी.ने गेले.
मी गाडी सुरू केली. चावी काढली. इंजिन लगेच थांबलं.
रविवारी मला काही काम नाही.