मखमलचे चुकलेले दिवस

७ जानेवारी
मखमलला कारंज्याहून आणली. ३ तारखेला सलीमभाईंकडं सोडली होती, त्यांच्या बोक्यापाशी. ते म्हणाले, "चार रोज संग राह्यले, भाभी. काम झालं समजा." एसटीत मंगरूळपर्यंत ओरडत आली. एक पिल्लू सलीमभाईंचं, त्यांनी निवडायचं, बाकीची आपली. हे असताना ठरायचं तसंच.
हे जाऊन अकरा महिने झाले. पर्शियन मांजरी त्यांचा नाद. मी नुसती खाऊ घालणारी. दिवस तेच मोजायचे.
आज मी मोजले. गाभण मांजरीचे त्रेसष्ट दिवस. ७ पासून धरले, ११ मार्च येते. कॅलेंडरवर गोल केला.

२४ जानेवारी
अंगणवाडीतून आले तर मखमल उताणी पडलेली. आचळं गुलाबी! हे म्हणायचे, तीन आठवड्यांनी होतात. आज तर सतरावाच. लवकर झाली. दुसरी खेप आहे म्हणून असेल.
शेजारच्या शांताबाईला दाखवलं. "माय वं, हे काय दाखवून राह्यली मले!" हसली. मग म्हणाली, "भाऊजी असते तर पेढे वाटले असते."

२३ फेब्रुवारी
डॉक्टरांकडं नेली. पोट चाचपून म्हणाले, चार तरी आहेत. तारीख विचारली. ११ मार्च सांगितली. "मागंपुढं होते. शेवटचे आठ दिवस रोज थर्मामीटर लावा. ९९ च्या खाली गेलं की एका दिवसात व्याली समजा."
वर्षभरात पहिल्यांदा कशाची तरी वाट पाहतेय.

५ मार्च
थर्मामीटर लावला, १०१. ठीक. खोक्यात यांचा जुना सदरा अंथरला. तिनं पायानं गोळा केला, बसली.
उद्या रिठदला. बहिणीच्या पोरीचं लग्न ७ ला. जाऊ की नको चाललं होतं. अजून सहा दिवस आहेत. नाही गेले तर ताई जन्मभर बोलेल.

६ मार्च, रिठद
सकाळी बस गाठायच्या घाईत थर्मामीटर लावलाच नाही.
सायंकाळी शांताबाईचा फोन. "दूध ठेवलं होतं, तोंड नाही लावलं तिनं. तुह्यावर रुसली वाटते." हे म्हणायचे, व्यायला आली की खाणं सोडते. ताईला म्हटलं, मी निघते. हळद लागत होती. ताई म्हणाली, "एका मांजरीसाठी जातं का कोणी? लोक काय म्हणतील? उद्या जाय."
वाशीमपर्यंत गाडी मिळाली असती. मी विचारलंच नाही कोणाला. हळदीला बसले.

७ मार्च
लग्न लागल्याबरोबर निघाले. जेवले नाही. घरी पोचेस्तोवर पाच.
चार होती. एक तर गर्भाच्या पिशवीतच. तिनं फाडलीच नाही, का दम उरला नव्हता. दोन खोक्याबाहेर फरशीवर, गार. चौथं तिच्या पोटाखाली हलत होतं.
शांताबाई दारात उभी. "मी सकाळी डोकावली तर निजलेली दिसली वं. मले काय समजते त्यातलं."

८ मार्च
तिघांना परसात पुरलं, लिंबाखाली. दोन करडी, एक पांढरं. हे लगेच नावं ठेवायचे. मी नाही ठेवली.
डॉक्टरांनी मखमलला सलाईन लावलं. म्हणाले, "दिवस कुठून धरले होते?"
"आणली तेव्हापासून."
"बाई, सोडली तेव्हापासून धरायचे असतात."
एवढंच. रागावलेही नाहीत. ३ पासून मोजलं. बरोब्बर ७ मार्च.

९ मार्च
सलीमभाईंना फोन केला. बोका कधी लागला होता?
"पयल्याच रोजी, भाभी. तुमी गेल्या अन् तासाभरात."
"मग सांगितलं काहून नाही?"
"तुमी इचारलंच नाही. साहेब इचारत होते दरखेपी."
मग सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एक आहे ना? जगलं तर सांगा." ते एक कोणाचं, त्यांनी विचारलं नाही. मीही नाही.

११ मार्च
कॅलेंडरवरची तारीख. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना रडू आलं. मदतनीसबाईला वाटलं, यांचं वर्ष होऊन गेलं म्हणून. वाटू दिलं.

१२ मार्च
पिल्लू ७४ ग्रॅम. काल ७६ होतं. मखमलला दूध कमी. दर दोन तासांनी ड्रॉपरनं पाजतेय. अंगणवाडीत पिशवीत घेऊन जाते.
ताईचा फोन. "तुह्या मांजरीचं समजलं. मी तसं बोलायले नको होतं." म्हटलं, तू नाही, मीच थांबले. खरं तेच. हे गेल्यापासून कोणी थांब म्हटलं नव्हतं. त्या मांडवात बरं वाटत होतं.

१४ मार्च
आज ७५.
दुपारी मखमल पिल्लाला मानेला धरून घेऊन आली, माझ्या गादीवर ठेवलं आणि खिडकीत जाऊन बसली. हाक मारली तरी वळली नाही. विश्वासानं दिलं का कंटाळून सोडलं? यांना कळलं असतं.
पिल्लाला पदरात घेतलंय. एका हातानं लिहितेय. अंग गरम आहे, पण ड्रॉपर तोंडात घेत नाहीये.