दगडामागची माती

मामंजी, खालच्या ओहोळातलं तुमचं शेत आता दिसत नाही. तुमच्या मुलाने शेवटच्या आजारपणात ती जागा शेजारच्या खाणीला वापरायला दिली. त्याला मी बोल लावत नाही. तो गेल्यावरही खाणवाले डबर आणि खडीची कच टाकत राहिले. खाण बंद झाली तेव्हा मुकादमाने ढीग सपाट करून वर लाल माती पसरली, गवत पेरलं आणि मला बोलावलं.

"घ्या मावशी, जमीन परत. हिरवीगार."

मी विळ्याने उकरलं. बोटभर माती, खाली कच.

"सतरंजी घातलीस रे दगडावर."

"बसायला तरी झाली ना, मावशी," म्हणून तो हसला.

माझा मुलगा मुंबईहून जुनी मासिकं आणतो, ती मी सगळी वाचते. एकात होतं, तिकडे कॅनडात तेल मुरलेली वाळू खणतात आणि धुऊन तेल काढतात. खणण्याआधी वरची माती सोलून वेगळी राखतात आणि नंतर परत पसरतात. तरी त्या धुतलेल्या पाण्याच्या तळ्यांतला गाळ वर्षानुवर्षं बसत नाही म्हणे. आपली माती तर कुणी राखलीच नाही. वाचता वाचता तुम्ही दिसलात. मी नवी सून आहे, तुम्ही ओहोळात बांधासारखी दगडांची ताल रचताय, गढूळ पाणी तिच्यामागे थांबतंय, गाळ खाली बसतोय. मी हौसेने टोपलीत बियाणं घेऊन आले तर ओरडलात, "घाय करू नको गो. गाळ बसला म्हंजे शेत झालं नाय. आधी गवत येऊ दे, कुजू दे." दोन-तीन पावसाळे तुम्ही नुसते बघत राहिलात. मग भात लावलं, आणि पहिल्या भाताची ओंजळ माझ्या ओटीत घातलीत.

मुलगा म्हणतो, "आये, त्या कचेत काय होणार नाय. विकून टाक."

"दगड तर हाय ना," मी म्हटलं.

त्याच डबरातले दगड उचलून मी उताराला ताल रचली. वाकडी आहे, मधे पोट आलंय, पण या पावसाळ्यात टिकली. मागे गाळ बसलाय, एका माणसाच्या अंथरुणाएवढा.

हे पत्र मासिकात घालून ठेवते, दुसरं कुठे टाकणार. एक सांगायचं राहिलं. गवत येऊन कुजायची वाट बघायला माझ्याकडे तेवढे पावसाळे आहेत की नाहीत, कुणास ठाऊक. त्या गाळात मी मूठभर नाचणी टाकली. पिवळी आहे, पण उगवली आहे. तुम्ही ओरडलात तरी चालेल.