त्रेचाळीस जण विमानात

मुरबाड,
रविवार, ता. १८ ऑक्टोबर १९६४

ती. देवराम दाजी यांस,

बारकूचे दोन दंडवत. एक तुम्ही घ्यावा, दुसरा माझ्या बहिणीला, हौसाबायला, द्यावा. ती घेत नसेल तर तुमच्याजवळच ठेवावा, पुढेमागे उपयोगी पडेल. तुमचा गुडघा, तांबडी गाय आणि ओढ्यालगतचं हळवं भात, या तिघांची प्रकृती कळवावी. इकडे सर्व क्षेम आहे. आमच्या पोरीला, चंदाला, खोकला होता, तो गेला. चंदाच्या आईला माझा राग होता, तो आहे. मी भाताच्या गिरणीत पूर्वीप्रमाणेच काटा धरून बसतो. काट्याशी बसणाऱ्याने कुठल्याच पारड्याकडे झुकायचं नसतं, ही सवय मला आता घरातही लागली आहे.

एक विनंती सुरुवातीलाच करतो. बायला अक्षरओळख नाही, म्हणजे हे पत्र तुम्ही ओटीवर बसून तिला मोठ्याने वाचून दाखवणार. तर पत्रात जे कंसात आहे ते मनात वाचावं. तुम्ही मध्येच गप्प झालात की ती "काय लिवलंय?" म्हणून विचारील. तेव्हा "अक्षर लागत नाय" म्हणून सांगावं. (माझं अक्षर मुरबाडात सर्वांत चांगलं आहे हे तिला ठाऊक नाही.)

तुमच्याकडचा म्हादू परवा गिरणीत भात घेऊन आला होता, त्याने बायचा निरोप शब्दाला शब्द पोचवला. तोही पन्नास माणसांसमोर, कारण म्हादूला हळू बोलता येत नाही. निरोप असा, की चाळीस परक्या माणसांना भिंतीवर चढवलंस आणि आपल्या आयसाठी एक खिळा नाय ठोकलास, तवा भाऊबीजेला माज्या दारात येऊ नको. गिरणीचा पट्टा बंद नव्हता, तरी सर्वांना ऐकू गेलं. मी पुढचं पोतं काट्यावर घेतलं. (घरी गेल्यावर जेवलो नाही.)

आता आईला खिळा का नाही, हे आपल्या दोन्ही घरांना पाठ आहे, तरी पत्रात असावं म्हणून लिहितो. बारा वर्षांपूर्वी, म्हसा गावच्या पौषातल्या यात्रेत, बाय तुमच्या घरी यायच्या आधीच्या वर्षी, आई आणि बाय लडकू फोटोवाल्याच्या विमानात बसल्या. मी बाबांबरोबर बैलबाजारात होतो. लडकूचं विमान म्हणजे फळ्यांचं, निळ्या रंगाचं, शेपटीवर "मुंबई ते लंडन" लिहिलेलं, आणि मागे ढगांचा पडदा. आईने जन्मात तोवर फोटो काढला नव्हता. लडकूने काळ्या कापडात डोकं घातलं, आणि त्याच वेळी बायला वाटलं की हे आता उडणार. तिने उडी मारली. विमान हाललं आणि फोटो उठला नाही. पुढे आई गेली, आणि तिचा एकही फोटो कोणाकडे नाही. बायच्या हातून कळशी निसटली तरी तुम्ही "विमान हाललं" म्हणून तिला चिडवता, आणि आईसुद्धा शेवटपर्यंत आल्यागेल्याला हसत हसत सांगायची की आमच्या हौसाने माजा फोटो हालवला. बाय त्यावर कधी हसलेली मला आठवत नाही.

असो. यात्रेच्या वस्तू जमवायचा नाद मला कसा लागला, हे लोक विचारतात. मुंबईत माणसं पोस्टाची वापरलेली तिकिटं जमवतात म्हणे, त्यांना कोणी विचारत नाही. माझ्याकडे म्हशाच्या यात्रेची दहा-बारा वर्षं आहेत. फिरत्या पाळण्याच्या लाकडी घोड्याचा कान आहे, पत्र्याच्या सतरा पिपाण्या आहेत (चंदा वाजवते म्हणून त्या आढ्याला टांगल्या आहेत), खेळण्यातल्या कागदी दुर्बिणी आहेत, आणि एका तंबूची पाटी आहे, तिच्यावर "दोन तोंडांची बाई, फक्त आजच" असं लिहिलेलं आहे. ती पाटी सात वर्षं लागत होती. चंदाच्या आईला या सर्वांचं काही नव्हतं. तिचं म्हणणं, एखाद्याला तंबाखू असते, एखाद्याला हे. बिघडलं ते लडकूच्या पेटीपासून.

लडकूच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्याने गेल्या पौषात धंदा आटोपला. विमानाचा एक पंख आता त्याच्या शेळ्यांच्या वाड्याला दार म्हणून लावला आहे, आणि दार चांगलं बसलं आहे. त्याचा रिवाज असा होता, की फोटो काढला की चिठ्ठी द्यायची, आणि फोटो पुढच्या वर्षीच्या यात्रेत त्याच जागी न्यायला यायचं. आपल्याकडे वर्षभरात माणसाचं काय काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. कोणी वीटभट्टीवर गेला, कोणी चिठ्ठी विडीला लावली, कोणी नुसताच विसरला. असे न नेलेले फोटो लडकूने फेकले नाहीत, पत्र्याच्या पेटीत ठेवले. ती पेटी त्याने मला दिली आणि म्हणाला, "मला आता दिसत नाय ही माणसं. तू सांभाळ." पेटीत त्रेचाळीस फोटो निघाले, आणि सगळेच्या सगळे विमानात. फेटेवाले, टोपीवाले, बाळंतिणी, एक बोकड मांडीवर घेतलेला. यात आईचा फोटो असेल का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. जो फोटो उठलाच नाही तो पेटीत कसा असेल? (पुढे चला.)

मी ते पुठ्ठ्यावर चिकटवले आणि ओटीच्या भिंतीवर चार ओळींत लावले. हेतू एवढाच, की येणाऱ्याजाणाऱ्याने आपला माणूस ओळखावा आणि न्यावा. पण दाजी, आपल्याकडे भिंतीवर कोण असतं? देव असतात, नाहीतर गेलेले असतात. जिवंत माणसाला भिंतीवर लावायची पद्धत नाही, तो ओटीवर बसतो. हे माझ्या ध्यानात आलं नाही. चंदाच्या आईच्या आलं. तिने महिनाभर काही म्हटलं नाही, आणि सर्वपित्री अमावास्येला मी गिरणीत असताना तिने त्रेचाळीस पानं वाढली.

तिचं तर्कशास्त्र मी नंतर ऐकून घेतलं आणि त्यात मला खोट सापडली नाही. एवढे पितर घरात उपाशी बसलेले, त्यातला एकही आपल्या ओळखीचा नाही, म्हणजे समजूत घालायचीही सोय नाही. तेव्हा जेवू घातलेलं बरं. तिने एकेकाच्या कपाळावर, म्हणजे कागदावर, गंधाचा टिळा लावला. परसातल्या झेंडूचा एक लांबलचक हार करून तो चारही ओळींतून फिरवला. (हार शेवटच्या फोटोपर्यंत पुरला नाही. खालच्या ओळीतला कोपऱ्यातला एक तसाच राहिला.) आणि कौलांवर पानं मांडली. एका पानाला कावळा शिवावा म्हणून लोक दुपारपर्यंत हात जोडून उभे राहतात. आमच्या कौलांवर तालुक्याचे कावळे उतरले आणि घटकाभरात सर्व चाटूनपुसून गेले. आळीने ते पाहिलं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस तृप्त झाले, याचा अर्थ त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मेलेले होते, हे त्या दिवशी मुरबाडात सिद्ध झालं. फुटलेली कौलं मी बदलली.

दुसऱ्या दिवशी यमाजी आला. हा नदीपलीकडच्या पाड्यावरचा, वयाने सत्तरीचा, कोणाच्या बापाला न भिणारा. भाताचं वजन करून झाल्यावर पाणी प्यायला म्हणून माझ्याबरोबर घरी आला. ओटीवर बसला, समोर भिंत. दुसऱ्या ओळीत, डावीकडून चौथा, विमानात बसलेला, कपाळावर टिळा, गळ्यावरून झेंडू. त्याने बराच वेळ पाहिलं. चंदाची आई पाणी घेऊन बाहेर आली, तिने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि तांब्या सोडून आत गेली. यमाजीने तांब्या उचलून सरळ ठेवला आणि मला अगदी सावकाश विचारलं, "मी कदी गेलो रे, बारकू?"

मी म्हटलं, कालच जेवलास. त्यावर त्याने पानात काय होतं ते विचारलं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, असं सांगितल्यावर त्याचा चेहरा निवळला. घरी सून भोपळा करत नाही म्हणाला. माझी कल्पना होती की तो काठी उचलील. पण ज्याच्या मरणाची खोटी आवई उठते त्याचं आयुष्य वाढतं, हे आपल्याकडे पोरांनासुद्धा ठाऊक आहे, आणि यमाजीची तर नुसती आवई नव्हती, घास घालून कावळाही शिवून झाला होता. जाताना तो पायरी न धरता उतरला. पाड्यावर जाऊन त्याने सांगितलं की बारकूच्या ओटीवर जाऊन मरून आलं की कंबर मोकळी होते.

तेव्हापासून आमची ओटी रिकामी नाही. ज्यांचे फोटो आहेत ते आपापल्या गळ्यातला हार तपासून जातात. नेत कोणीच नाही, कारण घरी नेला तर हार उतरवावा लागेल आणि वाढलेलं आयुष्य तिथेच संपेल. ज्यांचे नाहीत ते मला लावा म्हणून हट्ट धरतात. मी कोणालाही हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही. चंदाची आई मात्र आता चहा देत नाही, पितरांना चहा नसतो म्हणते.

यातूनच एक लहानसा तंटा उपटला आहे, आणि त्यासाठी बायची थोडी गरज आहे. आळीतली जनाबाई, नव्वदीला टेकलेली, रोज काठी टेकत येते. परवा तिने खालच्या ओळीतला कोपऱ्यातला फोटो आपला म्हणून जाहीर केला. त्या फोटोत विमानात एक बाई बसली आहे, पण तिने मान मागे फिरवलेली आहे. तोंड दिसत नाही. पदर, अंबाडा आणि एक कान, एवढंच. जनाबाई म्हणते मान माझीच, सर्वांना हार घातलास आणि मलाच तेवढा नाय, हा कुठचा न्याय. भाऊबीजेच्या सकाळी ती नातवाला आणून फोटो उचलून नेणार आहे आणि घरीच हार घालणार आहे. तिला नको म्हणायला माझ्याकडे कारण नाही. बायने लहानपणी जनाबाईला जवळून पाहिलं आहे, तिचे कान बायच्या लक्षात असतील. तेव्हा बायने भाऊबीजेच्या आदल्या दिवशी येऊन एवढा निवाडा करावा. बाकी काही नाही. खर्डीहून कल्याण आणि तिथून एसटी, दुपारपर्यंत पोचता येतं.

थोरांना दंडवत, धाकट्यांना पाठीवर हात, तांबडीला मूठभर गवत.

तुमचा,
बारकू

ता. क. तांबडी व्यायली असल्यास चीक आणावा.

ता. क. दुसरा. (दाजी, जनाबाईच्या कानाचं मी वर लिहिलं ते खोटं आहे. तिचे कान मी रोज पाहतो. पेटी आणली त्याच संध्याकाळी तो फोटो मला सापडला होता. मी तो मुद्दाम शेवटच्या ओळीत, कोपऱ्यात लावला, म्हणजे कोणी विचारू नये. आता हा माझ्या आईचा म्हणून जनाबाईच्या हातून काढून घ्यावा, तर जो फोटो उठलाच नाही असं मीच अकरा वर्षं सांगत आलो तो आला कुठून, हे सांगावं लागेल. काट्याशी बसतो, पण हे वजन मला उचलत नाही.)

ता. क. तिसरा. याला कंस नाही. हा बायला मोठ्याने वाचून दाखवा.

बाय, फोटो उठला होता. तू सासरी गेल्यावर पुढच्या पौषात आईने मला चिठ्ठी देऊन म्हशाला धाडलं. मी आधी पाळण्यात बसलो. चिठ्ठी टोपीत होती. पाळणा वर गेला आणि टोपी उडाली. चिठ्ठीशिवाय लडकूला विचारायची छाती झाली नाही. घरी येताना ओढ्यापर्यंत मी रडत होतो, ओढा ओलांडल्यावर थाप सुचली. हौसाने उडी मारली, विमान हाललं, म्हणून फोटो उठलाच नाही, असं मी आईला सांगितलं. तिला ते पटलं, तुलाही पटलं.

विमान हाललेलं नाही. फळ्यांचे खिळे मोजता येतात, शेपटीवरची अक्षरं वाचता येतात. कडेला तुझा अर्धा हात आहे, काकणांसकट. हाललीय ती आईची मान. तू उतरलीस तेव्हा ती वळून तुझ्याकडे बघत होती, म्हणून तिचं तोंड आलं नाही.

भाऊबीजेला दारात येऊ नको म्हणालीस, तर मी येत नाही. तू ये. जे बोलायचं ते सगळ्या ओटीसमोर बोल, मी ऐकून घेईन. त्या त्रेचाळीस जणांत गेलेली म्हणून मला खात्री आहे ती एकच, आणि नेमका तिच्यापर्यंतच हार पुरला नव्हता. परसात झेंडू अजून आहे. मी तोडलेला नाही.