तीन दिवसांचं कार्ड

४ जून
पोहोचले एकदाची. दोन विमानं, एक लाँच आणि शेवटचे चार तास सामानाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी. कंबरेचा काटा ढिला झाला, पण मन असं हलकं की कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. खोली छोटी पण स्वच्छ आहे. लोखंडी कॉट, खिडकीला डासांची जाळी, डोक्यावर पंखा. खिडकीतून बंदराचं काम दिसतं: क्रेन, दगडांचे ढीग आणि पिवळ्या टोप्या घातलेली आपली माणसं. पाच मिनिटं बाहेर उभं राहिलं तर पदर पिळून घ्यावा लागतो इतका घाम.

दवाखाना खोलीला लागूनच आहे. डॉक्टर स्वतः दारापर्यंत घ्यायला आले. पंचावन्नचे असतील, पोट सुटलेलं, गुडघे दुखरे, बोलायला गोड. चहा मागवला. एवढ्या लांब, चौदा वर्षांच्या अनुभवाची नर्स यायला तयार झाली याचं त्यांना फार कौतुक वाटलं. पगार चांगला आहे ना, म्हणाले. मी मान डोलावली.

आईलाही पगाराचंच कारण सांगितलंय, गाव मात्र दुसरंच सांगितलंय. पण मी पगारासाठी आलेले नाही. गेल्या वर्षी याच दवाखान्यात, या माणसाच्या हाताखाली, इथे क्रेनवर काम करणारा माझा धाकटा भाऊ तापानं गेला. लग्नानंतरचं आडनाव वेगळं, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. हसत आले आहे, हसत राहीन.

७ जून
कामाची घडी बसली. दवाखान्यात आम्ही तिघं: डॉक्टर, मी आणि रक्त तपासणारे एक साठीला टेकलेले गृहस्थ. दिवसभर काचपट्ट्या पुसत बसतात म्हणून सगळे त्यांना काचवाले काका म्हणतात. भला माणूस, पण शेळपट. डॉक्टर खोकले तरी हे उभे राहतात.

इथला नियम काकांनीच समजावला. घरून आलेल्या माणसाला इथली हवा लागतेच, ताप येतोच, आणि निम्मे तर कामचुकार असतात, असं डॉक्टरांचं मत. म्हणून ताप आला की रुग्णाच्या कॉटला एक कार्ड लटकवायचं. रोज दुपारी चारला ताप बघायचा. सलग तीन दिवस शंभरच्या वर भरला तरच रक्त तपासायचं आणि मलेरियाचं इंजेक्शन काढायचं. मधे एक दिवस जरी ताप नसला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तपासणीचं सामान आणि इंजेक्शनं एकाच कपाटात. कपाटाची किल्ली डॉक्टरांच्या गळ्यात. कामगार पाठीमागे त्यांना तीनदिवसे म्हणतात, जणू आडनावच.

माझा भाऊ दोन नंबरच्या खोलीत होता. आज ती खोली मी स्वतः पुसली. फरशीवर फिनेल ओतलं आणि गुडघे टेकून पुसत राहिले. कोपऱ्यातल्या कॉटवर तो पडून असेल. दर रविवारी मी त्याला फोन करायची. उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं: बोला मास्तरीणबाई, आज काय शिक्षा? मी लहानपणापासून त्याला हुकूम सोडायची ना.

१२ जून
आज चहा घेताना डॉक्टरांना सहज विचारलं, इथे कुणी दगावलं होतं का हो कधी. म्हणाले, हो, एक क्रेनवाला पोरगा. घरच्या आठवणीनं झुरायचा. त्याचा ताप धड सलगसुद्धा नव्हता, तिसऱ्या दिवशी उतरलाच होता, कार्डावर आहे. नियमाप्रमाणेच सगळं झालं. मग बिस्किट बुडवून खाल्लं.

त्यांना नाव आठवलं नाही.

मी त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. चोर तो चोर, वर शिरजोर. मलेरियाचा ताप चढतो-उतरतो हे खरं, पण असा शहाण्यासारखा नेमका मोजणीच्या तिसऱ्या दुपारी उतरतो? यांनीच कार्डावर खोटं लिहिलं असणार. आता देवाकडे एकच मागणं आहे, आणि ते मला कुणासमोर उच्चारता येणार नाही.

१९ जून
देवानं ऐकलं.

सकाळी डॉक्टर दात वाजवत आले. चारला एकशे दोन. मी स्वतः कोरं कार्ड काढलं, त्यावर त्यांचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि दोन नंबरमधल्या कोपऱ्यातल्या कॉटला लटकवलं. एक नंबर हवेशीर आहे, पण तिथला पंखा बिघडलाय असं सांगितलं. काका चाचरत म्हणाले, साहेब, तुमचं तरी लगेच तपासू या. डॉक्टर ताठ्यात म्हणाले, लोक काय म्हणतील, नियम म्हणजे नियम. मला इतका आनंद झाला की बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून यावं लागलं.

२० जून
एकशे तीन. अजूनही ताठा आहे. काका मोठ्या इस्पितळाला फोन करतो म्हणाले तर त्यांच्यावर खेकसले. उद्या तिसरा दिवस. उद्या रक्त तपासतील, इंजेक्शन मिळेल आणि हा माणूस बरा होऊन पुन्हा बिस्किटं बुडवून खाईल. माझा भाऊ मात्र गेला तो गेला.

नाही. असं सुटू देणार नाही.

२१ जून
अडीच वाजता तापाच्या दोन गोळ्या कुटल्या. लिंबूपाण्यात साखर जास्त घातली. डॉक्टर लहान मुलासारखे गटागटा प्यायले, वर मला आशीर्वाद दिला. चारपर्यंत घामानं उशी भिजली. ताप साडेअठ्ठ्याण्णव. काकांच्या देखत कार्डावर लिहिलं. काका बिचारे हात जोडून देवाचे आभार मानत होते.

मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्यांचाच नियम, त्यांचंच कार्ड. करावं तसं भरावं. गेल्या वर्षभरात पहिल्यांदा मला भूक लागली, दोन वेळा भात वाढून घेतला.

२२ जून
एकशे चार. पहिला दिवस. डॉक्टर आज किल्लीकडे हात नेत होते, पण मी गोड बोलून हात बाजूला केला. साहेब, नियम, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम करतेय हे कळलं त्यांना. कळावं म्हणूनच म्हटलं होतं.

२३ जून, सकाळ
जुनी कार्डं माळ्यावरच्या खोक्यात असतात. दोघांची कार्डं शेजारी शेजारी ठेवून बघावीत म्हणून धाकट्याचं कार्ड शोधून काढलं. एकशे दोन. एकशे तीन. मग साडेअठ्ठ्याण्णव. एकशे तीन. एकशे चार. पुढची चौकट रिकामी. आकडेही काचवाल्या काकांच्या थरथरत्या अक्षरात, खाडाखोड नाही. खोटं लिहिलेलं नाही.

साडेअठ्ठ्याण्णवसमोरचा वार रविवार.

त्या रविवारी मी त्याला दीडला फोन केला होता. कण्हत होता. म्हणाला, इथे काही देत नाहीत गं, नुसतं बघतात. मी म्हटलं, बॅगेत मी दिलेल्या तापाच्या गोळ्या आहेत ना, दोन घे आणि झोप, उतरेल. तो नको म्हणत होता. काहीतरी सांगायला बघत होता, कार्ड, चार वाजता, असं काहीतरी. मी ओरडले. चौदा वर्षं नर्स आहे मी, मला शिकवतोस? मग म्हणाला, बरं, मास्तरीणबाई. घेतो.

गोळीनं त्याचा एक दिवस पुसला. गोळी माझी होती.

२३ जून, दुपार
तीन वाजता लिंबूपाणी घेऊन गेले. त्यात गोळी घातली होती की नाही, खरंच आठवत नाही. हात आपले आपण काम करत होते. डॉक्टर डोळे मिटून पडले होते, ओठ सुकलेले. मी पेला पुढे केला, तर डोळे न उघडता म्हणाले,

"गोळी नको, मास्तरीणबाई. दिवस मोडतो."

आवाज त्यांचा नव्हता.

पेला तिथेच फुटला. गळ्यातली किल्ली ओढून काढली. काकांना हलवून उठवलं, रक्त काढलं. काचेवर मलेरिया खच्चून भरलेला. काका रडत होते. मी इंजेक्शन दिलं. डॉक्टर वाचले तर मीही सुटेन असं वाटलं. आता मला कुणाचा सूड नको. फक्त त्या तोंडातून तो आवाज पुन्हा येऊ नये.

२५ जून
डॉक्टर उठून बसले. काका म्हणतात, सिस्टर, तुम्ही धिटाईनं नियम मोडलात म्हणून साहेब वाचले.

बसले आहेत ते मांडी घालून, एक पाय दुसऱ्याखाली दुमडून. या माणसाला दोन पायऱ्या चढताना गुडघे धरावे लागतात. असा धाकटा बसायचा. किल्ली पुन्हा त्यांच्या गळ्यात आहे. माझ्याकडे बघून हसले. दुपारपासून मला थंडी वाजतेय.

२६ जून
एकशे दोन. लगेच रक्त तपासा म्हटलं. ते हसून म्हणाले, नियम. माझं नाव कार्डावर त्यांनी लिहिलं. अक्षर वळणदार, ल ला लांब शेपूट. शाळेत त्या शेपटीसाठीच धाकट्याला मी पट्टीनं मारलं होतं.

दोन नंबरची खोली. कोपऱ्यातली कॉट.

२७ जून
एकशे तीन. फोन काढून घेतलाय, विश्रांती घ्या म्हणे. काकांच्या कानात सगळं सांगितलं. गोळ्यांचं, भावाचं, आवाजाचं. काकांनी कपाळावर ओली पट्टी ठेवली. तापात माणूस काहीही बरळतं, म्हणाले. उद्या तिसरा दिवस ना, उद्या तपासू, मी आहे. उद्या चारपर्यंत काढायचं. फक्त चारपर्यंत.

२८ जून
अडीच वाजता आला. पेला नाही, नुसत्या दोन गोळ्या तळहातावर. तोंड घट्ट मिटलं तर नाक दाबलं, हळूच, प्रेमानं. मी त्याला लहानपणी औषध असंच पाजायची.

चारला साडेअठ्ठ्याण्णव. काकांनी देवाला हात जोडले.

२९
एकशे चार. पहिला दिवस. माफी मागितली. पाया पडले. मला माहीत नव्हतं रे, तुझ्या भल्यासाठीच— तो म्हणाला, ठाऊक आहे ताई. मीही तुझ्या भल्यासाठीच.

३०
किती ते सांगत नाहीत. काका दारातून बघतात, आत येत नाहीत. वही उशीखाली— बोटं— उद्या तिसरा. उद्या परत गोळी. मग परत पहिला—

तारीख आठवत नाही
अडीच वाजले असतील. आला. फोन घेऊन आला. घरी लावलाय, माझ्या कानाजवळ धरलाय. आईचा आवाज, अगदी जवळून. तो फार अदबीनं सांगतोय, तुमच्या मुलीला थोडी कणकण आहे, पण ती काही औषध घ्यायला तयार नाही. मी ओरडते आहे, आई, नको, आई— घशातून नुसती हवा—

आई म्हणते, लहानपणापासून हट्टी आहे हो ती. ऐकू नका तिचं. तापाच्या दोन गोळ्या द्या आणि झोपवा, उतरेल.

तो म्हणाला, बरं.

मग आई थांबली. आता हळू विचारते आहे, डॉक्टर, राग मानू नका, पण तुमचा आवाज अगदी माझ्या—