बुटात न मावणारा अंगठा

४ नोव्हेंबर, मंगळवार

उजव्या पायाचा अंगठा गेला! पहाटे अशी कळ आली की वाटलं विंचू डसला. चादर झटकली, उशी उलटी केली — काही नाही. अंगठ्याच्या बुडाचा सांधा टोमॅटोसारखा लाल, तकतकीत. हात लावला तर चटका. चादरीचं टोक नुसतं टेकलं तरी डोळ्यांतून पाणी. रडलो. कुणी बघितलं नाही ते बरं.

काल ठणठणीत होतो. ठेच नाही, पायावर खोकं पडलं नाही, काही नाही.

गारठ्यानेच खाल्लं असणार. दुसरं काय? अख्खा दिवस कोल्डरूममध्ये, गोठलेल्या मांसाची नि मासळीची खोकी उचलत. गेटवर झाडू मारतो तो तीनबोट्या, त्याचं असंच झालं म्हणतात. आधी लाल, मग काळं, मग कापलं. आता झाडू.

बूट चढेना. शिट्टीचा जुना बूट घातला. शिट्टी खोलीतही माझ्याबरोबर, कामातही माझी जोडी. त्याचा पाय म्हणजे होडी, म्हणून अंगठा मावला. दात दाबून दारातून आत गेलो. दारात मुकादम उभा असतो, एकेकाची चाल बघतो. लंगडा दिसला की बाहेर. सारखा बाहेर निघाला की घरी. घर समुद्रापलीकडे!

एका पायात नऊ नंबर, एका पायात अकरा. शिट्टी म्हणाला, "बदकासारखा चालतोस, पण रुबाब आहे."

५ नोव्हेंबर

तसंच. अंगठा काळा पडला का ते दर थोड्या वेळाने बघतो. लालच आहे. काळा नाही.

७ नोव्हेंबर

आज जास्त भीती वाटली. आत एकट्याने थांबायचं नाही असा इथला नियम. कुणी चक्कर येऊन पडला तर ओढून काढायला दुसरा पाहिजे. म्हणून सगळी जोडीची कामं. एक बाहेर निघाला की दुसऱ्यालाही निघावं लागतं. थंडीचा सूट उतरवा, पुन्हा चढवा, तोवर पुढचा ट्रक दुसऱ्या जोडीकडे जातो, त्याचे पैसेही. म्हणून पाणी कुणी पीत नाही. मी नवा आलो तेव्हा पहिल्याच दिवशी शिकवलं — "तहान खोलीवर ठेवून यायची." सकाळी घोटभर चहा, मग थेट संध्याकाळी. सारखा मुतायला जाणारा माणूस जोडीला कुणाला नको असतो.

आणि लंगडा तर मुळीच नको.

शिट्टी अजून काही बोलला नाही. पण आज दोन खोकी माझ्या वाट्याची त्याने उचलली. मी बघितलं. त्यानेही बघितलं की मी बघितलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

उतरलं! आपोआप! अंगठ्यावरची सूज गेली, कातडी कांद्यासारखी सुटतेय. माझाच बूट घातला. देवा, तुझे उपकार.

शिट्टी म्हणतो अशक्तपणा होता. फुटलेल्या खोक्यातला माल आम्ही वाटून घेतो, त्यात कलेजी आली होती. त्याने सगळी मलाच दिली. "खा, रक्त होईल." पोटभर खाल्ली. आता आठवडाभर तेच. कलेजी नाहीतर बारीक मासळी. घरी असं कधी मिळालं?

आईला फोन केला. धाकटीच बोलली जास्त. कपडे शिवायच्या कारखान्यात लागल्यापासून तिची जीभ मशीनपेक्षा जोरात चालते. दादा तिकडे बर्फात राहून गोरा झालास का, फोटो पाठव. पायाचं कुणाला सांगितलं नाही. आई घाबरते. आणि घाबरली की धाकटीला घेऊन देवळात बसते.

२३ नोव्हेंबर, रविवार

परत आलं.

तोच अंगठा, आणि आता घोट्यापर्यंत. आधीपेक्षा वाईट. जमिनीवरून कुणी चाललं तरी पलंग हलतो आणि कळ डोक्यात जाते. शिट्टीला म्हटलं, चालू नकोस. म्हणाला, "उडू का?" मला राग आला, मग त्यालाही आला. म्हणाला, मी तुझ्यासाठी कलेजी सोडली आणि तू माझ्यावर खेकसतोस.

खिडकीतून खाली बघितलं. अंगणात आम्हाला कामावर नेणारे ट्रक उभे. मनात आलं — पाय कापला तर ट्रकपर्यंत कसा जाणार मी? मग म्हटलं, पाय कापला तर ट्रकपर्यंत जायचंच कशाला.

२४ नोव्हेंबर

मुकादमाने पकडलं. दारातच. "बूट काढ." मी म्हटलं, फीत बांधायची राहिलीय. "काढ." काढला. त्याने खाली बघितलं, वर बघितलं. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "डॉक्टरचा कागद आण. तोवर आत नाही." आणि शिट्टीच्या जोडीला दुसरा दिला. तिथल्या तिथे. एका मिनिटात.

२५ नोव्हेंबर

सरकारी दवाखाना. ओळ दारापासून रस्त्यापर्यंत. भिंतीला धरून उभा राहिलो. पुढच्या म्हातारीने स्वतःची खुर्ची दिली — मला! सत्तरीची बाई मला खुर्ची देते. मेल्याहून मेल्यासारखं.

डॉक्टरीणबाई. चष्मा, केस आखूड, घाईत. मी आधीच विचारून टाकलं, कुठून कापणार? तिने मान वर केली. म्हणाली, कोण म्हणालं कापायचं? मी तीनबोट्याचं सांगितलं. तिने अंगठा बघितला, दुसऱ्या पायाचा बघितला, बोटं दाबून बघितली. गारठ्याने मेलेलं बोट थंड असतं म्हणाली, असं पेटलेलं नसतं. रक्त घेतलं. दुखायची गोळी दिली. दारू पितोस का? नाही. अगदी? सणावारी घोटभर. ती हसली नाही.

काय खातोस विचारलं. कलेजी सांगितली. पाणी किती पितोस विचारलं. मी आमच्या जोडीचं सांगितलं. तेव्हा तिने पेन खाली ठेवलं.

२८ नोव्हेंबर

गाउट. कागदावर लिहून दिलंय.

तिने समजावलं ते जमेल तसं लिहितो. रक्तात युरिक ॲसिड नावाचा कचरा असतो. मूत्रपिंड तो लघवीतून बाहेर टाकतं. फार झाला की सांध्यात खडे धरतो, सुईसारखे. अंगठा अंगातली सगळ्यात गार जागा, म्हणून तिथे आधी. पाणी नाही पिलं तर वाढतो. कलेजी, बारीक मासळी — त्याने वाढतो. म्हणजे शिट्टी मला प्रेमाने विष चारत होता! वाटलं, त्याला सांगितलं तर मरेलच. सांगितलं. म्हणाला, "म्हणजे माझ्या कलेजीत एवढी ताकद!" पण नंतर जेवला नाही.

पण एक गोष्ट बाईने परत परत विचारली. तुझ्या वयात हे होत नाही सहसा. पन्नाशीत होतं. नुसत्या कलेजीने एवढं होत नाही. मूत्रपिंडाचा आकडाही थोडा बिघडलाय. घरात आणखी कुणाला होतं? बापाला?

बाप मी सात वर्षांचा असताना गेला. मला त्याचा चेहरासुद्धा फोटोतलाच आठवतो. म्हटलं, विचारून सांगतो.

मूत्रपिंड! पाय राहू दे बाजूला. हे शब्द कानात गेल्यापासून मी पायाकडे बघतही नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आईला विचारलं. असंच विचारलं, जसं काही सहज. बाबांना काय झालं होतं गं? म्हणाली, अंग सुजलं होतं शेवटी. चेहरा, पोट, सगळं. आणि आधी? आधी पाय. महिन्यातून कधीतरी बालदीत पाय घालून बसायचे, कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. वॉचमनची नोकरी त्यात गेली. लोक म्हणायचे कामाचा कंटाळा आहे. "मी पण म्हणायची रे."

मग विचारलं, तू का विचारतोस? असंच, म्हटलं.

फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. मला बाप कधी आठवला नाही आणि आज आठवायला लागला तो फक्त पायाने.

४ डिसेंबर, गुरुवार

बाईला सांगितलं. तिने लिहून घेतलं. म्हणाली, हे घराण्यातून येतं. सोनोग्राफीची तारीख दिली. आता रोजची एक गोळी, कायमची. दुखलं नाही तरी खायची. आणि पाणी — लघवी पाण्यासारखी होईपर्यंत.

कागद घेऊन मुकादमाकडे. वाचला. म्हणाला, आत येऊ देतो, पण कोणाबरोबर? जोडी तुला शोधायची.

कुणी नाही. तीन जणांना विचारलं. एकाने सरळ सांगितलं, तू तासाला बाहेर पळणार, मी काय तुझ्या मुताची वाट बघू? हसले सगळे. मी पण हसलो. हसावं लागतं.

शिट्टीला विचारलं नाही. तो दुसऱ्याबरोबर आहे.

६ डिसेंबर

शिट्टीने स्वतः मुकादमाला सांगितलं की मला माझा बदक परत द्या. सकाळी पाण्याची बाटली आणली, अर्धी त्याने पिली, अर्धी मला. दोघं मिळून बाहेर, दोघं मिळून आत. एक ट्रक गेला दुसऱ्या जोडीकडे. मी माफी मागितली. म्हणाला, "गप. वर्षानुवर्षं दाबून ठेवलं होतं, आज मोकळं वाटलं."

आज भीती कमी.

१३ डिसेंबर, शनिवार

गोळी विषारी आहे! गोळी चालू असताना परत आलं — आणि या वेळी डावा पाय! नियमाने खाल्ली, पाणी पिलं, कलेजी शिवली नाही. आणि हे फळ. म्हणजे खाल्ली म्हणूनच झालं. डबी खिडकीतून फेकणार होतो. फेकली नाही, पलंगाखाली ढकलली. परत खाणार नाही.

दोन्ही पाय गेले तर मग काय उरतं?

१५ डिसेंबर

दवाखान्यात गेलो भांडायला. बाईने शांत ऐकून घेतलं. मग विचारलं, गोळी दिली त्या दिवशी मी काय सांगितलं होतं? मला काही आठवेना. त्या दिवशी माझं सगळं लक्ष मुकादमाच्या कागदावर होतं. तिने परत सांगितलं — जुने खडे विरघळायला लागले की सुरुवातीला उसळी मारतात. याचा अर्थ गोळी लागू पडतेय. म्हणूनच दुसरी बारीक गोळी दिली होती सोबत. ती खाल्ली का?

ती मी खाल्ली नव्हती. दोन गोळ्या कशाला, एक पुरे, असा हिशेब केला होता मी. शहाणा!

"असं मध्येच सोडलंस तर वडिलांसारखं होईल." एवढंच म्हणाली. ओरडली नाही. इथले लोक महत्त्वाचं असेल ते ओरडून का सांगत नाहीत?

डबी पलंगाखालून काढली. धूळ पुसली.

२१ डिसेंबर

डावा पाय उतरला. सोनोग्राफीत मूत्रपिंडं जरा लहान आहेत, पण काम करतायत. वाचवता येतील म्हणाली. "वाचवता येतील" हे मी किती वेळा मनात म्हटलं ते देवालाच ठाऊक.

मुकादमाने आज दारात चाल बघितली नाही. बाटली बघितली. भरलेली आहे ना, एवढंच.

२८ डिसेंबर, रविवार

धाकटीचा फोन. आई बाजारात गेली होती म्हणून तिने स्वतःच्या फोनवरून केला. म्हणाली, दादा, मशीन मारून मारून पाय सुजलाय, तिथे काही मलम मिळतं का? कुठे सुजलाय, विचारलं. अंगठा. कधीपासून? गेल्या महिन्यापासून येतं-जातं. ती हसत होती. आईला सांगू नकोस हं, म्हणाली, घाबरेल.

बरं म्हटलं. फोन ठेवला. आणि आईला लावला.