शेराचं कुंपण आणि दगडांची चार हात भिंत

बाबा, आज नगरपंचायतीचा इंजिनिअर आला होता. आपल्या घराच्या मागे कापसातली सरकी काढायचं जिन होतं ना, त्या जागेवर आता गोदाम व्हायचं आहे. पोरगा शिकलेला, हातात नकाशा, मला समजावून सांगायला लागला की आजी, धंद्याची जागा आणि राहती घरं यांच्या मधात झाडांचा पट्टा ठेवावा लागतो, तसा नियमच आहे. मला हसू आलं. म्हटलं, अरे बाबू, हा नियम माझ्या बापानं तुझ्या जन्माआधी लावला, चल दाखवते. आणि त्याला धुऱ्यावर, हद्दीच्या बांधावर, नेलं. पुढं काय झालं ते शेवटी सांगते, कारण ते सांगायलाच तर कागद घेऊन बसले आहे. इतकी वर्षं शाळेत शिकवून माझी भाषा सरळ झाली, तुम्ही ऐकली असती तर म्हणाला असतात, कोण वं ही शहरातली बाई?

जिन सुरू झालं तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते. कापूस निघाला की गाड्यांची रांग आपल्या दारापर्यंत यायची आणि यंत्र सुरू झालं की रुईची बारीक लव हवेत उडायची. ती पिठात यायची, वरणात यायची, माठावरच्या फडक्यावर थर बसायचा. मायेला दमा होताच, आता ती भिंतीला टेकून बसल्याबसल्या रात्र काढायला लागली. जिनाचे दिवाणजी म्हणाले, घर दुसरीकडे बांधा. तुम्ही डोक्याला फेटा बांधला आणि सरळ वाशीमला लायसन देणाऱ्या साहेबाकडे गेलात. एकदा नाही, चारदा. शेवटी साहेब इथं आला, जरीब टाकून मोजणी झाली आणि जिनाच्या लायसनमध्ये लिहिलं गेलं की त्यांच्या हद्दीतली दहा हात पट्टी मोकळी राहील आणि तिथं झाडं राहतील, जोवर झाडं नीट आहेत तोवर. झाडं लावायची कोणी? तुम्ही म्हणालात, "मी लावतो. तुमी तुमचा धंदा करा, आमी आमचं जगतो. मधात हिरवं असू द्या, बस."

बाहेरून शेराची चीक गळणारी झुडपं, आतून कडूलिंब. शेराच्या कांड्या तुम्ही हातभर तोडायच्या, सावलीत टाकून दूध सुकू द्यायचं आणि मग गाडायच्या. मी एक कांडी मोडून पाहायला गेले तर पाठीत धपाटा बसला. "दूध डोयात गेलं तर आंधयी होशीन! म्हणून तर लावतो हे. कोणतं जनावर तोंड लावत नाई याले." तीन वर्षांत कुंपण तुमच्या डोक्याच्या वर गेलं. मायेच्या पिठातली रुई कमी झाली, आणि ती आडवी झोपायला लागली. तुम्ही रोज संध्याकाळी कुंपणाच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचात, अगदी ऐटीत. तेव्हा तुम्ही मला फार आवडायचात.

आणि त्याच कुंपणाला भोक पाडलं मी. जिनाच्या इंजिनाचं गरम पाणी पलीकडच्या नालीत सोडत असत, जिनातल्या बायका तिथं धुणं धुवायच्या. थंडीचे दिवस, मायेला गार पाण्यानं धाप लागायची आणि आपल्याकडे जळण पुरत नव्हतं. तुमचा हुकूम होता की जिनातली काडीसुद्धा घरात यायला नको. मग मी डोळ्यांवर फडकं धरून विळ्यानं चार कांड्या कापल्या आणि उजाडायच्या आत बादली भरून आणायला लागले. माय म्हणाली, "त्याहीले सांगू नको वं." तुम्हाला भोक दिसलं तसं तुम्ही बाभळीचा वाळलेला काटा आणून ते बुजवलं, इकडं सारेच बुजवतात तसं. मी काठीनं काटा बाजूला सारायची, पाणी आणायची आणि परत होता तसा लावायची. तुम्ही आणखी काटा आणायचात. त्या जागी वाळक्या काट्याचा हा एवढा ढीग झाला.

मग ती दुपार. जिनातल्या कापसाच्या ढिगाला ठिणगी लागली आणि वारा आपल्याकडे होता. मी ओसरीवरून पाहते आहे, शेर करपतो आहे, चरचरतो आहे, पण पेटत नाही. बाई गं, वाटलं वाचलो! आणि तेवढ्यात तो काटा भडकला. त्याच्या लगेच अलीकडे आपली कडब्याची गंजी. तुम्ही उघड्या हातांनी पेंढ्या ओढत होतात आणि माय आत खोकत होती. घर वाचलं, गंजी गेली, तुमचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

तिसऱ्या दिवशी साहेब आला. दिवाणजींनी आधीच सांगून टाकलं होतं, कुंपणानंच आग नेली, ते काढा, पट्टी आम्हाला गाड्या उभ्या करायला द्या. साहेबानं विचारलं, भोक कोणी पाडलं? जिनाच्या गाड्यांनी पाडलं असेल तर कुंपण राहील. घरच्यांनी पाडलं असेल तर तुम्हालाच झाडं नीट ठेवता आली नाहीत, मग अट संपली. तुम्ही म्हणालात, "मले माहीत नाई साहेब. मी पाह्यलं नाई." खोटं बोलायला तुमची जीभच वळत नव्हती. साहेब माझ्याकडे वळला. आतून मायेची धाप ऐकू येत होती. मी म्हटलं, "बैल घुसत होते. मी पाह्यलं." कोणाचे? मी बोट केलं, रांगेतल्या पहिल्याच गाडीकडे. गाडीवान पोहरादेवीकडचा, म्हातारा माणूस. तो ओरडलाही नाही. "माह्या बैलाच्या तोंडाले मुसकी रायते बाई. आन् शेरात कोणता बैल घुसते?" एवढंच बोलला. दिवाणजींनी त्याच दिवशी त्याला जिनातून काढलं.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. जनावर तोंड लावत नाही, हे तुम्हीच मला धपाटा घालून शिकवलं होतं. मला वाटलं आता बोलतील, आता सारं संपलं. तुम्ही मान खाली घातली. कुंपण राहिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी जागी झाले तर चूल पेटलेली. तुम्ही चिंध्या बांधलेल्या हातांनी पाण्याचं भगुणं उतरवत होतात. बादली मायेजवळ ठेवलीत आणि मला म्हणालात, "आता तू जाऊ नको." माय गेली त्या वर्षापर्यंत तुम्ही रोज पाणी तापवलं. जळण कुठून आणायचात, मी विचारलं नाही. हात बरे झाल्यावर त्या भोकात तुम्ही दगडांची चार हात भिंत रचलीत, एकट्यानं. शेर तिथं परत लावला नाहीत. त्या गाडीवानाचं नाव आपल्या घरात कधी निघालं नाही, आणि मला तर ते माहीतच नव्हतं. बाबा, माझ्यासाठी तुम्ही एकदाच खोट्यापुढे गप्प राहिलात. त्यानंतर धुऱ्यावर ऐटीत चालताना मी तुम्हाला पाहिलं नाही.

हे पत्र पाठवू कुठं? उद्या चुलीत जाईल. पण आजचं सांगायचं राहिलं. इंजिनिअर सारं कुंपण पाहून खूश झाला, म्हणाला, हेच ठेवू, तुमच्या वडिलांना मानलं पाहिजे. मग त्या दगडांपाशी थांबला. "आजी, सगळीकडे शेर दाट आहे, मग इथंच दगड काहून?"

कुणाचं काही जाणार नव्हतं. माय नाही, तुम्ही नाही, जिन नाही, तो गाडीवानही नसेल. आणि मी म्हटलं, "इथून बैल घुसत होते."