जे मार्थाने घेतले नाही

मी, बिन्यामिन दाऊद झिराडकर, वय वर्षे एकाहत्तर, धर्माने यहुदी, समाजाने बेने इस्राएल, मूळ गाव झिराड, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, सध्या राहणार अल मनखूल, बर दुबई, हे माझ्या मरणानंतरच्या व्यवस्थेचे लेखन स्वतःच्या हाताने करीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छाती तशी नाही. आत दोन स्टेंट आहेत आणि डॉक्टर तिसऱ्याचे बोलत आहेत. मला कोणी काही पाजलेले नाही, कोणी धाक घातलेला नाही. मन मात्र एका जागी बसत नाही. सकाळपासून चार वेळा उठून गॅलरीत गेलो. वाक्ये पुढेमागे झाली तर इथल्या कोर्टासाठी भाषांतर करणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

१. सन २०१६ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र मी याद्वारे संपूर्ण रद्द करतो. त्यातील चौथे कलम खोटे होते. खोटे काय, ते इथेच लिहिणार होतो, पण हात पुढे जाईना. आधी घराचे लिहितो.

२. झिराड येथील घर, विहीर आणि मागची वाडी माझी मुलगी तामार आणि मुलगा योएल यांना निम्मे-निम्मे मिळावे. चुलतभाऊ शालोम याने १९९८ साली, मी इथे असताना, कुंपण दोन हात आमच्या बाजूला सरकवले. त्या दोन हातांवरचा हक्क मी सोडतो. मात्र त्याने ते कुंपण सरकवले होते, हे कागदावर राहावे.

३. लाकडी पेटीतल्या तीन सुऱ्या. मी सोळाव्या वर्षी वडिलांकडून शोहेताचे काम शिकलो. शोहेत म्हणजे आमच्या नियमाप्रमाणे खाण्यासाठी जनावर कापणारा. हा बळी नव्हे. बळी देवाला देतात, हे जेवणासाठी असते. पात्याला नखाला लागेल एवढीही खाच चालत नाही, जनावराला जितके कमी कळेल तितके बरे, हे वडिलांनी मला मारून शिकवले. १९८८ मध्ये इथे आलो तेव्हा पेटी आणली, पण उघडली नाही. कोल्ड स्टोअरमध्ये नोकरी धरली, पुढे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या मटणाच्या कारखान्यात तपासनीस झालो. सगळे मला बेनी म्हणत. वडिलांचे नाव दाऊद ऐकून जो तो आपल्याला हवे ते समजे. २०२० मध्ये इथल्या सरकारचा इस्राएलशी करार होईपर्यंत, बत्तीस वर्षे, मी कोणाला दुरुस्त केले नाही.

माझ्याबरोबर कामाला असलेल्या एकट्या कमरुद्दीनने पहिल्याच महिन्यात ओळखले. तो मुरुडचा. मी शनिवारी कामाला येत नाही आणि त्याबद्दल शुक्रवारच्या सुट्टीत सूर्यास्तापर्यंत काम करतो, हे पाहून तो हळूच म्हणाला, "शनवार तेली ना रे तू?" शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात आम्हाला हेच नाव होते. मी मागे वळून कोणी ऐकले का ते पाहिले, तसा तो म्हणाला, "माझ्या आजोबांच्या शेजारी तुमचीच घरं होती. खलास. माझ्या तोंडून जाणार नाही." गेले नाही. दर बकरी ईदला तो मटण वाटतो आणि मला मात्र सांदणे आणून देतो, कारण त्याच्याकडचे मटण मी खात नाही हे त्याला ठाऊक आहे.

सुऱ्या मुंबईतल्या ज्या शोहेताला उपयोगी पडतील त्याला द्याव्यात. शोकेसमध्ये ठेवू नयेत.

४. माझी धर्माची पुस्तके योएलला. या कलमात कमरुद्दीनची नात लायबा, वय बारा, हिच्यासाठीही काही ठेवतो. परवा ईदला तिने विचारले, "बेनी अंकल, यू गाइज हॅव द सेम स्टोरी. देन व्हाय डिड यू स्टॉप?" गोष्ट म्हणजे देवाच्या सांगण्यावरून मुलाचा बळी द्यायला निघालेल्या इब्राहिमची, आणि थांबवले ते बळी देणे. मुलगा कोणता, यावर मी आणि कमरुद्दीन तीस वर्षे वाद घालतो. शेवटी तो म्हणतो, "नाव कुठलंही घे. सुरी थांबली, हे तरी दोघांना मान्य आहे ना?" लायबाला मी घाईत म्हणालो, "आमचं मंदिर जळालं." उत्तर खरे होते, पण अर्धे होते. बाकीचे इथे देतो.

आमच्यात बळी कुठेही देता येत नसे. जागा एकच, यरुशलेमचे मंदिर. रोमन फौजेने ते जाळले, त्याला एकोणीसशे पंचावन्न वर्षे झाली. जागा गेली तशी बोकड, कबुतरे, पीठ आणि तेल, सगळे थांबले. मग आमच्या शहाण्या लोकांनी ठरवले की बळीच्या वेळेला प्रार्थना म्हणायची, आणि पाप फेडायचे ते माणसांशी दयेने वागून. त्याच्याही आधीपासून आमचे संदेष्टे ओरडून सांगत होते की अन्याय करून आणलेले रक्त देवाला नको. कोकणात आम्ही अर्पण म्हणून मलिदा करतो: भिजवलेले पोहे, साखर, खोबरे, फळे.

माझी पत्नी मार्था वसईची, ख्रिस्ती. तिच्या लोकांचे उत्तर वेगळे. सुरुवातीचे ख्रिस्ती यहुदीच होते, तेही मंदिरात जात. पण येशूचे मरण हाच शेवटचा बळी, एकदाच आणि सगळ्यांसाठी, अशी त्यांची श्रद्धा बसली. मग पुन्हा कापायला काही उरलेच नाही. उरली ती भाकर आणि द्राक्षारस.

यावर आमची भांडणे स्वयंपाकघरात होत. मी म्हणे, "तुमचं थांबलं कारण एकदाच पुरेसं झालं. आमचं थांबलं कारण जागा गेली."

ती मासे साफ करता करता म्हणे, "जागा गेली तर दोन हजार वर्षांत दुसरी वेदी बांधता आली नसती? इतकी हुशार माणसं तुमची. तुम्हालाही पुरेच झालं होतं, अहो. कबूल करत नाही एवढंच."

आमच्या प्रार्थनेत मंदिर पुन्हा उभे राहो असे अजून आहे. मी ते रोज म्हणतो. गेली दहा वर्षे त्या ओळीवर जीभ अडखळते. का, ते पुढच्या कलमात. आता आणखी टाळता येत नाही.

५. २०१६ च्या मृत्युपत्रात मी असे लिहिले होते: "मुलगी तामार हिने आईला मूत्रपिंड देण्यास नकार दिला, सबब तिला काहीही देऊ नये." हे मी जाणूनबुजून खोटे लिहिले. तामारने नकार दिला नव्हता. नकार मार्थाने दिला.

मार्च २०१५. मार्थाची दोन्ही मूत्रपिंडे गेली होती, आठवड्यात तीनदा डायलिसिस. माझे जुळले नाही. योएल सतरा वर्षांचा, पुण्याला हॉस्टेलवर, बारावीची परीक्षा. तामारचे जुळले. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. नवरा सिद्धांत आणि एक वर्षाची मुलगी मैथिली यांच्यासोबत इथेच दुबईत, इंटरनॅशनल सिटीत राहत होती. मी तिच्या घराखाली गाडी उभी केली आणि तिला खाली बोलावले. कमरुद्दीन चालवत होता, तो पुढे बसला होता.

मी तिला विचारले नाही. मी म्हणालो, "तिकिटं काढली आहेत. मुंबईला ऑपरेशन. आईनं तुझ्यासाठी काय काय सोडलं ते आठव, आणि मग नाही म्हणायची हिंमत असेल तर म्हण."

ती म्हणाली, "बाबा, मैथिली अजून अंगावर पिते."

"बाटली लाव."

ती खूप वेळ रडली. मग म्हणाली, "ओके. देते मी." मी तिला थोपटलेसुद्धा नाही. संमतीचा कागद पुढे केला.

मार्थाला हे कमरुद्दीनच्या बायकोकडून, हव्वाबीकडून कळले. तिने मला पलंगाजवळ बसवले. "अहो, तुम्ही पोरीला विचारलंत की सांगितलंत?"

मी म्हणालो, "मुलीचं कर्तव्य आहे ते."

"तिनं आपणहून हात पुढे केला असता तर मी विचार केला असता. असा ओढून आणलेला हात मला नको. माझ्यासाठी कुणाचं लेकरू वेदीवर ठेवू नका. ते सगळं कधीच बंद झालंय. तुमच्यातही आणि आमच्यातही."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर डॉक्टरांना आपला नकार कळवला. तामारला जवळ घेऊन तेच सांगितले. योएलला परीक्षा होईपर्यंत यातले काही कळू देऊ नका, असे बजावले. आम्ही दुसरा दाता शोधणार होतो. पाच आठवड्यांत संसर्ग झाला आणि ती गेली.

तिला वसईला माती दिली. घरी परतल्यावर योएलने विचारले, "ताईचं मॅच झालं होतं म्हणे? मग?" मी म्हणालो, "ती नाही म्हणाली."

तामार दारात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या होता. तिने माझ्याकडे पाहिले, तांब्या खाली ठेवला आणि मैथिलीला उचलून बाहेर गेली. नंतर तिने योएलला फोन केले, त्याने घेतले नाहीत. तेच वाक्य मी नातेवाइकांना सांगितले, आमच्या प्रार्थनाघरातल्या माणसांना सांगितले, शेवटी वकिलाला सांगितले.

का सांगितले? मार्थाने नकार दिला असे म्हटले की पुढचा प्रश्न येतो, का दिला? मी ज्या रीतीने मागितले त्यामुळे दिला. नीट विचारले असते तर ती कदाचित आज असती. हे माझ्या अंगावर घेण्यापेक्षा मी मुलीच्या अंगावर टाकले. जुन्या मृत्युपत्रातले चौथे कलम ते हेच.

६. मार्थाची प्रार्थनेची माळ आणि तिची लुगडी तिची भाची रिद्धी हिला.

७. मला अलिबागजवळच्या आमच्या दफनभूमीत पुरावे. मार्था वसईला आहे, मध्ये खाडी आणि दोन धर्म आहेत. त्याला इलाज नाही. कोणी प्रयत्न करू नये.

~~८. मार्थाची सोन्याची पोत, तिच्या चारही बांगड्या आणि माझ्या ठेवींपैकी दोन तृतीयांश तामारला मिळावे, तिच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल.~~ रद्द. बि. दा. झि.

९. व्यवस्थापक म्हणून योएल याला नेमतो.

पुरवणी, त्याच दिवशी, वरील मजकूर झाल्यावर लिहिलेली:

साक्षीसाठी कमरुद्दीन आणि आमच्या इमारतीतल्या निवृत्त शिक्षिका प्रमिलाबाई आले. कमरुद्दीनने पाचवे कलम वाचले आणि पेन टेबलावर ठेवले.

"ही सही मी करणार नाही, बेन्या."

"खरं लिहिलंय सगळं. तू होतास तिथे."

"म्हणूनच. दहा वर्षं मी गप्प बसलो, माझी चूक. पण हे तू मेल्यावर वाचायला लिहिलंयस. पोरीनं तुझ्या मरणाची वाट बघत बसायचं काय? फोन कर. यल्ला, चल."

मी म्हणालो, छातीत दुखते. तो म्हणाला, "दुखू दे."

तामारने फोन उचलला. "काय झालं? हॉस्पिटलमध्ये आहात का?" दहा वर्षांनी तिचे पहिले वाक्य हे होते. मी म्हणालो, "नाही. येतेस का?" पाऊण तासात ती आली. तिने उभ्यानेच सगळे वाचले. पाचवे कलम दोनदा वाचले. मला वाटले ओरडेल. तिने फक्त आठव्या कलमावर बोट ठेवले.

"बाबा, हे काढा."

"का? तुझंच आहे ते."

"आईच्या वस्तू निम्म्या द्या, योएलबरोबर. पण हे असं नको. हे देऊन तुम्हाला मोकळं व्हायचंय. मला नाही करायचं तुम्हाला मोकळं."

मी माझ्या हाताने रेघ मारली. वर ती दिसते. त्या वस्तू आणि सर्व ठेवी दोघांना समान मिळाव्यात.

मग ती म्हणाली, "आता योएलला सांगा. माझ्यासमोर. स्पीकरवर."

योएल बंगळूरला असतो. रविवार होता, घरी होता. मी पाचवे कलम वाचून दाखवले, एकही शब्द न गाळता. मध्ये दोनदा प्रमिलाबाईंनी पाणी दिले. वाचून झाल्यावर मी विचारले, "योएल, आहेस ना?"

"ताई आहे तिथे?"

"आहे."

"पुट हर ऑन, बाबा. आणि स्पीकर बंद करा."

ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतले. त्याला आता तास होऊन गेला. ती मला माफ करील की नाही, ते तिने सांगितलेले नाही. प्रमिलाबाई घड्याळ बघत आहेत. कमरुद्दीनने सहीसाठी पेन पुन्हा उचलले आहे आणि म्हणतो, बोलू द्या त्यांना. मला इथून शब्द कळत नाहीत. आत दोघे बोलत आहेत, एवढेच ऐकू येते.

वरील सर्व मजकूर, रद्द केलेल्या कलमासह, मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केला.

स्थळ: अल मनखूल, दुबई
दिनांक: ८ जून २०२५

(सही) बिन्यामिन दाऊद झिराडकर

साक्षीदार:
१. (सही) कमरुद्दीन, मूळ राहणार मुरुड, जिल्हा रायगड. पाचव्या कलमात लिहिलेले गाडीतले बोलणे मी कानाने ऐकले आहे.
२. (सही) प्रमिला, राहणार त्याच इमारतीत. सही करतेवेळी आतल्या खोलीचे दार बंदच होते.